सुपरिटेंडेंट चांगला की वाईट? साथीच्या काळातल्या पालकांच्या मतांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "आम्ही २०२३ मध्ये पुण्याहून व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत आलो. मुलगी चौथीत आहे. शाळेच्या पालक संघटनेत पालकांची मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय कुठलाही काढा, लोक फिरून साथीच्या काळातल्या सुपरिटेंडेंटवर येतात. एक मैत्रीण म्हणते, त्या माणसाने आमची घरं वाचवली. शेजारचे म्हणतात, पोरांचं वर्ष मातीत घातलं. खरं काय धरायचं? आणि सुपरिटेंडेंट म्हणजे आपला शिक्षणाधिकारीच ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. नाही, तो आपला शिक्षणाधिकारी नव्हे. जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी सरकारी नोकर असतो. मंत्रालयातून जीआर आला की तो खाली शाळांपर्यंत पोचवायचा. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला, तेव्हा शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने कुणी खडे फोडले नाहीत. सगळे शिक्षणमंत्री काय सांगतात याकडे डोळे लावून बसले होते. इथे सुपरिटेंडेंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या (एका स्कूल बोर्डाखालच्या) सगळ्या शाळांच्या मुख्याला, निवडून आलेलं स्कूल बोर्ड करारावर नेमतं. फेअरफॅक्सच्या बोर्डात असे १२ सभासद आहेत. पण व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला स्वतःचा कर लावता येत नाही, त्यामुळे पैशासाठी काउंटीच्या सुपरवायझर मंडळाच्या तोंडाकडे बघायचं. शाळा बंद करायचा हुकूम गव्हर्नर काढू शकतो. आरोग्याचं मार्गदर्शन सीडीसीकडून, म्हणजे केंद्राच्या साथरोग संस्थेकडून येतं. शिक्षकांच्या संघटना आहेत, त्यांचंही ऐकावं लागतं. दोऱ्या इतक्या हातांत, आणि रात्री नऊला पालकांच्या इनबॉक्समध्ये जो ईमेल पडतो त्याखाली सही एकाच माणसाची.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी फेअरफॅक्सची नोकर नाही. त्याच पट्ट्यातल्या एका डिस्ट्रिक्टमध्ये २२ वर्षं आहे. आधी गणित शिकवलं, मग पालक आणि शाळा यांच्यामधला दुवा म्हणून काम केलं. गेली बरीच वर्षं पालकांच्या पाहण्यांचे प्रश्न लिहिते आणि आलेली उत्तरं वाचते. साथीच्या काळात आमच्याकडे जे घोळ झाले ते सांगताना डिस्ट्रिक्टचं नाव घेणार नाही. फेअरफॅक्सबद्दल लिहितेय ते सगळं जाहीर झालेलं आहे.

तुमची मैत्रीण आणि तुमचे शेजारी दोघंही खरं बोलतायत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. हजारो उत्तरं वाचून माझं मत असं झालंय की पालकांचा राग शाळा बंद ठेवण्यावर किंवा उघडण्यावर तितका नव्हता. तो तळ्यात-मळ्यात खेळण्यावर होता. लोकांनी एका शब्दावर घरची घडी बसवायची आणि तो शब्द फिरायचा. हे तीन-चारदा झालं की पुढचा निर्णय बरोबर असला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता फेअरफॅक्सच्या तारखा बघा. साधारण १ लाख ८८ हजार मुलांचा डिस्ट्रिक्ट, देशातल्या मोठ्यांपैकी एक. सुपरिटेंडेंट होते स्कॉट ब्रॅब्रँड, २०१७ पासून. १३ मार्च २०२० ला गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी राज्यातल्या सगळ्या शाळा दोन आठवड्यांसाठी बंद केल्या आणि २३ मार्चला उरलेल्या शैक्षणिक वर्षासाठी. इथपर्यंत सुपरिटेंडेंटच्या हातात फारसं काही नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना फार कुणी बोललंही नाही. १४ एप्रिलला ऑनलाइन वर्ग सुरू व्हायचे होते. जवळपास महिनाभर मुलं घरात बसलेली, आई-वडिलांनी जेवणाच्या टेबलाचा कोपरा रिकामा करून दिलेला, आणि सकाळी कुणाला लॉगिनच होईना. जिथे झालं तिथे काही वर्गांत भलतीच माणसं घुसली आणि अर्वाच्य बोलली. त्या आठवड्याचे वर्ग थांबवले. पुढच्या सोमवारी, २० एप्रिलला, पुन्हा प्रयत्न झाला आणि पुन्हा तेच. शेवटी ब्लॅकबोर्ड कंपनीची ती ऑनलाइन वर्गांची यंत्रणा सोडून दुसरीकडे जावं लागलं. माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनी पद सोडलं. ब्रॅब्रँड यांनी माफी मागितली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बंद ठेवण्याचा निर्णय साथीचा होता, पण लॉगिन न होणं हे तयारीचं काम होतं आणि ते पूर्णपणे सुपरिटेंडेंटच्या घरचं. त्या उन्हाळ्यात शाळा उघडण्यासाठी जोर लावणाऱ्या केंद्रीय शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांनी थेट फेअरफॅक्सचं नाव घेऊन टीका केली. त्यांचं राजकारण बाजूला ठेवा. त्यांना बोलायला आयतं कोलीत मिळालं ते एप्रिलमध्येच.

तरीही माझ्या मते पालकांच्या मनातून तो माणूस उतरला तो एप्रिलमध्ये नाही, जुलैमध्ये. जून-जुलैत प्रत्येक घराला एक फॉर्म आला: मूल वर्षभर पूर्ण ऑनलाइन ठेवणार, की आठवड्यातून किमान दोन दिवस शाळेत पाठवणार? १० जुलैपर्यंत उत्तर द्या. मग ती मुदत १५ जुलै झाली. तो फॉर्म भरणं म्हणजे काय होतं ते सांगते, कारण तसाच फॉर्म आम्हीही काढला होता आणि त्यातली दोन वाक्यं माझ्या हातची होती. घरात साठी उलटलेले सासू-सासरे, भारतात परत जायला विमानं नाहीत, व्हिसाची मुदत वाढवायला टाकलेली. एका मुलाला घरात बसून वेड लागायची पाळी आलेली, दुसरं दम्याचं. नवरा-बायको रात्री दीडपर्यंत वाद घालायचे. कुणी शेजारणीशी बोलून दोन-दोन दिवसांची पाळी लावली. कुणी सांभाळणारी बाई पकडून आगाऊ पैसे दिले. आणि २१ जुलैला जाहीर झालं की ८ सप्टेंबरला शाळा सुरू होईल ती सगळ्यांची ऑनलाइनच.

कारणं खरी होती. आकडे वाढत होते, शिक्षकांमध्ये भीती होती आणि आजूबाजूचे डिस्ट्रिक्टही तेच करत होते. पण ज्या आईने सहा दिवसांपूर्वी घरात भांडण करून एक रकाना निवडला होता, तिला वाटलं, मग मला विचारलंत कशाला? आमच्याकडे त्या आठवड्यात आलेले फोन मी घेतले आहेत. एक नर्स होती, मूळची केरळची. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही शाळा बंद ठेवा, मला चालेल. उघडा, तेही चालेल. फक्त मला तीन आठवडे आधी सांगा, कारण माझी ड्युटी तीन आठवडे आधी लागते." मी ते वाक्य तसंच वर पाठवलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली'. ऑक्टोबरात आमच्याच डिस्ट्रिक्टने एक तारीख संध्याकाळी सहा वाजता बदलली, दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागू. त्या बाईंचा पुन्हा फोन आला नाही. मूल तिने खासगी शाळेत घातल्याचं नंतर कळलं. फेअरफॅक्समध्येही त्या वर्षी पटसंख्या आठ-एक हजारांनी घसरली. सगळे रागावूनच गेले असं मी म्हणत नाही, पण जाणारा माणूस सर्व्हे भरत नाही, हे तुमच्या कामासाठी ध्यानात ठेवा.

पुढे नोव्हेंबरात बालवाडीची आणि काही विशेष गरजांची मुलं मंगळवारी वर्गात यायची होती, तर सोमवारी ते पुढे ढकललं गेलं. मग ३० नोव्हेंबर, मग जानेवारी. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षकांना लस मिळायला लागली आणि पालकांचा सूर एकदम चढला: आता काय अडलंय? फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोर्डाने १६ फेब्रुवारी ते १६ मार्च अशा टप्प्यांचं वेळापत्रक मंजूर केलं. त्याच आठवड्यात गव्हर्नरांनीही १५ मार्चपर्यंत सगळीकडे प्रत्यक्ष शाळेचा पर्याय द्यायला सांगितलं. ही तारीख पाळली गेली. पण तोवर लोक इतके पोळले होते की ताकही फुंकून पीत होते. काही वर्गांत मुलं बाकावर, शिक्षक घरून स्क्रीनवर आणि लक्ष ठेवायला तिसराच माणूस उभा, असं होतं. तुमचे शेजारी 'मातीत घातलं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक हेच चित्र असेल.

आता तुमच्या मैत्रिणीची बाजू. ती वरवरची समजू नका. शाळा उघडल्यावरही मूल घरीच ठेवणाऱ्यांत आशियाई, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांचं प्रमाण देशभर जास्त होतं. कारणं साधी आहेत: एकाच घरात तीन पिढ्या, भाड्याच्या घरात दाटी आणि बाहेर पडल्याशिवाय पगार नाही अशी कामं. आपल्या मराठी घरांत तर वेगळंच भय होतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये, फेअरफॅक्सची बरीच मुलं आठवड्यातून चार दिवस शाळेत जायला लागली होती तेव्हा, पुण्या-मुंबईहून रोज कुणा ना कुणाच्या ऑक्सिजनची बातमी यायची. अशा घराला शाळा उघडण्याची घाई ही श्रीमंतांची हौस वाटली तर नवल नाही. ही माणसं बोर्डाच्या सभेत मात्र बोलायला येत नाहीत. सभेत दोन शब्द बोलायला नाव नोंदवावं लागतं, त्यासाठी संध्याकाळ मोकळी लागते आणि इंग्रजीची भीड नसावी लागते.

याच जागी माझी स्वतःची एक चूक कबूल करते. मे २०२० मध्ये मी एक प्रश्न लिहिला: 'साथीच्या काळातल्या सुपरिटेंडेंटच्या नेतृत्वाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? १ ते ५.' तो ईमेलवर गेला, उत्तरं आली, तक्ता झाला, बोर्डापुढे ठेवला. मग एका शुक्रवारी मी शाळेच्या पार्किंगमध्ये जेवणाच्या पिशव्या वाटायच्या रांगेत मदतीला उभी होते. शनिवार-रविवारचं दूध, फळं, गुंडाळलेली सँडविचेस. एल साल्वादोरची एक बाई तीन मुलांना घेऊन यायची. मी सर्व्हेचा स्पॅनिश कागद तिच्यापुढे केला. तिने वाचला आणि विचारलं, "सुपरिटेंडेंट? तो कोण?" मी सांगितलं, सगळ्या शाळांचा मुख्य. ती वळून पिवळ्या बसकडे बोट दाखवून म्हणाली, "मला हा माहीत आहे." बसचा ड्रायव्हर होता. ज्या दिवशी तिला येता आलं नाही, त्या दिवशी त्याने पिशव्या तिच्या इमारतीच्या दारात ठेवल्या होत्या. तिने ५ वर खूण केली. ते गुण कुणाच्या नावावर धरायचे? बस जेवणासाठी फिरवायचा हुकूम वरूनच आला होता, म्हणजे धरले तर सुपरिटेंडेंटचेच. पण माझ्या तक्त्यात ते तसे कधीच दिसले नाहीत. त्यानंतर तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.

भारतीय पालकांची मतं घेताना आणखी एक फाटा फुटेल, सावध राहा. साथीबद्दल विचाराल आणि उत्तर टीजेचं मिळेल. थॉमस जेफरसन हायस्कूल, देशातलं नावाजलेलं विज्ञानाचं शाळकरी पंढरपूर म्हणा. २०२०च्या शरदात, घराघरात मुलं स्क्रीनपुढे बसलेली असताना, बोर्डाने तिथली प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि डिसेंबरात निवडीची नवी पद्धत मंजूर केली. पहिल्याच तुकडीत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आलं. खटला झाला, खालच्या कोर्टात पालक जिंकले, वरच्या कोर्टात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. ते धोरण बरं की वाईट यावर माझं मत आहे, पण ते इथे नको. एवढंच सांगते की आपल्याकडच्या अनेक घरांत ब्रॅब्रँड या नावाला जो कडूपणा चिकटलाय तो विषाणूचा नाही. तसंच जानेवारी २०२२ मध्ये नवे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी मास्कची सक्ती पालकांच्या मर्जीवर सोडली आणि फेअरफॅक्ससह सात स्कूल बोर्डं कोर्टात गेली, तेव्हा लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे बाजू घेतली. त्या महिन्यात गोळा केलेली मतं मी तरी सुपरिटेंडेंटबद्दलची मानणार नाही.

एका गटाच्या रागाबद्दल मात्र मला जराही शंका नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फेअरफॅक्सच्याच संशोधन विभागाने आकडे काढले. मिडल आणि हायस्कूलच्या मुलांपैकी दोन किंवा जास्त विषयांत नापास होणारी आदल्या वर्षी ६ टक्के होती, ती ११ टक्के झाली. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण १७ वरून ३५ आणि दिव्यांग मुलांमध्ये ९ वरून १९ टक्क्यांवर गेलं. दिव्यांग मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरती लिहून दिलेली शिक्षणाची योजना, हा कायद्याने दिलेला शब्द असतो. आठवड्याला इतके तास वाचा-उपचार, इतके तास सोबत बसून शिकवणं. सहा वर्षांचं स्वमग्न मूल लॅपटॉपपुढे बसवून ते होत नाही, आणि ते ज्या आईला दुसऱ्याच दिवशी कळलं तिला ते कागदावर मान्य झालेलं बघायला अडीच वर्षं लागली. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने जानेवारी २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरलं की फेअरफॅक्सने साथीच्या काळात या मुलांना त्यांच्या हक्काचं शिक्षण दिलं नाही. आता प्रत्येकाचा विचार करून भरपाई द्यायची. तोवर ब्रॅब्रँड पद सोडून गेले होते, जून २०२२ मध्ये. मोठ्या शहरांत हे आधीच झालं होतं. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस तिन्हीकडचे प्रमुख २०२१ मध्येच गेले.

मधल्या काळात फेअरफॅक्समधल्या एका गटाने बोर्डाच्या काही सभासदांना हटवायला सह्या गोळा केल्या. व्हर्जिनियात त्यासाठी मतदान नसतं, कोर्टात जावं लागतं, आणि तिथे ते टिकलं नाही. सुपरिटेंडेंटला तर पालक हटवूच शकत नाहीत. तो राग २०२१च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत कुणाच्या पदरात पडला ते तुम्ही ऐकलंच असेल.

गंमत पुढे आहे. १ जुलै २०२२ पासून आलेल्या नव्या सुपरिटेंडेंट मिशेल रीड या सिएटलजवळच्या नॉर्थशोअर डिस्ट्रिक्टमधून आल्या. बॉथेलचा तो भाग, तिथे आपली मराठी मंडळी भरपूर. आणि नॉर्थशोअर हा साथीमुळे सगळ्या शाळा बंद करून ऑनलाइन जाणारा देशातला पहिलावहिला डिस्ट्रिक्ट, ५ मार्च २०२० ला. पुढच्या सोमवारी ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि आठवडाभरात थांबवले, कारण सगळ्या मुलांपर्यंत, विशेषतः दिव्यांग मुलांपर्यंत, ते सारखे पोचत नव्हते. तरी वॉशिंग्टन राज्यातल्या शालेय प्रशासकांच्या संघटनेने रीड यांना २०२१ सालच्या सर्वोत्तम सुपरिटेंडेंटचा मान दिला. म्हणजे बंद करणाराच वाईट ठरला असं काही या देशात झालं नाही.

तेव्हा तुमच्या कामाबद्दल. 'नेतृत्व कसं होतं' असं विचारू नका. विचारा, तेव्हा मूल कितवीत होतं आणि घरात कोण कोण होतं. विचारा, कुठल्या दिवशी कुठला निरोप आला आणि त्यावर तुम्ही काय केलंत. कुणाला रजा घ्यावी लागली, कुणाचे पैसे बुडाले? तारीख आठवत असेल तर लिहून घ्या, आठवत नसेल तर शाळेचे जुने ईमेल काढायला सांगा, बहुतेकांनी जपून ठेवलेत. बालवाडीतल्या मुलाचा बाप आणि बारावीतल्या मुलीची आई यांची उत्तरं एका बेरजेत घालू नका. आयईपी असलेल्या घरांचा गठ्ठा वेगळा ठेवा. टीजेचा उल्लेख आला की समासात खूण करा, खोडू नका. लिंक पाठवून गप्प बसू नका. स्पॅनिश, कोरियन, अरबी, व्हिएतनामी, उर्दूत कागद छापून घ्या, काउंटीकडे भाषांतराची सोय असते. शनिवारी किराणा दुकानाच्या दारात तासभर उभ्या राहा. आणि काही कागद बसच्या ड्रायव्हरांकडे देऊन ठेवा. कुठल्या थांब्यावर कोण उतरतं आणि कुणाच्या घरी दिवसा कुणी नसतं, हे ऑफिसपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.